कोणालाही कळेल अशी स्क्रीन

५ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना आज साक्षात्कार झाला. आकडे कळत नाहीत! त्यांना नव्हे हं – "लोकांना". साहेबांना सगळं कळतं, त्यांना काळजी फक्त लोकांची.

झालं असं. आमच्या इमारतीला सात मजले. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक कपाट, कपाटात एक स्विच – म्हणजे दिवे लावायचा नव्हे, एक चपटी पेटी, जिच्यात त्या मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या वायरी येऊन घुसतात. ती पेटी जिवंत आहे की मेली, हे मी तळमजल्यावर माझ्या खुर्चीत बसून बघते. पेट्या दर पाच मिनिटांनी मला आकडे पाठवतात. एक म्हणजे वायर चालू, दोन म्हणजे बंद. पेटी कधीपासून सुरू आहे तेही सांगतात, पण दिवसांत नाही, तासांत नाही – सेकंदाच्या शंभराव्या भागात. माणसाने असं वय सांगितलं तर लोक त्याला घरात बसवून ठेवतील. मला मात्र सवय झालीये. आकडे पाहिले की कोणाच्या पोटात दुखतंय ते कळतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. "मॅडम, हे काय, पत्रिका मांडलीय का कोणाची?" मग हुकूम. हे सगळं सोप्या मराठीत हवं. पूर्ण वाक्यांत. रिसेप्शनच्या भिंतीवर मोठी स्क्रीन लावायची, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही कळलं पाहिजे. सात मार्चला मोठ्या ऑफिसातून संचालक येणार आहेत, त्यांना दाखवायचंय.

म्हणजे विम्याचा दावा अडकला म्हणून रडकुंडीला आलेला माणूस आमच्या दारात येणार, चौथ्या मजल्याची पेटी ठणठणीत आहे हे वाचणार, आणि त्याचा जीव भांड्यात पडणार. वा.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं वाक्य तयार – "दुसरा मजला: चोवीसपैकी एकोणीस वायरींमध्ये हालचाल आहे." नवरा म्हणाला, वाचून डॉक्टरला बोलवावंसं वाटतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

"कोणालाही कळेल" म्हणजे नक्की कोणाला? घरात एक "कोणीही" आहेत. सासूबाई. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता वर्तमानपत्रात चुका काढतात. जेवणं झाल्यावर त्यांच्यापुढे कागद ठेवला.

त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचलं. "पाचव्या मजल्यावरचा स्विच बंद पडला. बरं. मग?"

"मग काय आई? बंद पडला."

"कोणामुळे?"

"ते नाही सांगत मशीन."

"मग काय उपयोग? घरात कप फुटला तर 'कप फुटला' एवढ्यावर कोणी गप्प बसतं का? कोणी फोडला ते नको कळायला?"

नवरा टीव्हीच्या आडून हसला. गेल्या आठवड्यात कप त्यानेच फोडला होता आणि मांजरावर ढकलला होता. आमच्याकडे मांजर नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चहाच्या वेळी सासूबाईंच्या कपाची गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगितली. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. साहेबांनी कप खाली ठेवला.

"बरोबर आहे त्यांचं. प्रत्येक वाक्याखाली जबाबदार कोण, ते आलंच पाहिजे."

मी म्हटलं, साहेब, गंमत होती ती. ते म्हणाले, चांगल्या कल्पना गमतीतच सुचतात. दुपारपर्यंत यादी आली. ज्याच्याकडे कपाटाची किल्ली तो जबाबदार. पहिला ते सहावा मजला – वायरमन. सातवा – विभागप्रमुख, म्हणजे साहेब स्वतः. सातव्याचं कपाट त्यांच्या केबिनच्या आत आहे आणि किल्ली ते कोणाला देत नाहीत. आत स्विचखेरीज काय आहे देवाला ठाऊक. बुटांची जोडी आहे असं ऐकून आहे.

शिवाय आणखी एक. "ते जुने आकडे साठवता कशाला? वाक्यं साठवा. आकडे जागा खातात." मी जरा कुरकुर केली. जराच. मग आकडे साठवणं बंद केलं. आता पेटी आकडा पाठवते, त्याचं वाक्य होतं, आकडा जातो कचऱ्यात.

एक वाक्य मात्र फार छान जमलंय, स्वतःचंच कौतुक करून घेते. पेटीचं वय पाच मिनिटांपूर्वीपेक्षा कमी झालं, तर काय समजायचं? मधे बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली. वीज गेली म्हणून? नाही, सगळ्या पेट्या बॅटरीवर आहेत. मग एकच कारण उरतं. "कोणीतरी स्विच हाताने बंद करून पुन्हा चालू केला." खाली जबाबदाराचं पद. इतकं स्वच्छ वाक्य मी शाळेच्या निबंधातही लिहिलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

स्क्रीन लागली. फुगे तेवढे बांधायचे राहिले.

वॉचमन येणाऱ्याला थांबवून वाचून दाखवतो. रिसेप्शनची मुलगी वैतागलीये, कारण लोक तिला सोडून भिंतीशी बोलतात. आणि वायरमन मामा! सगळे त्यांना मामा म्हणतात, जे त्यांच्या वयाचे आहेत तेसुद्धा. मामा खांद्यावर शिडी घेऊन स्क्रीनपुढे उभे राहिले, ओठ हलवत सगळं वाचलं.

"मॅडम, 'वायरमन, वायरमन, वायरमन' – सहा वेळा. निवडणुकीला उभं केलंय का मला?"

"सातव्या मजल्यावर तुमचे प्रतिस्पर्धी आहेत," मी म्हटलं.

हसले. हा माणूस कामाला वाईट नाही, पण "बघतो" म्हणाला की समजायचं, हा आठवडा गेला. बडबडतो फार. आणि दोन वर्षांपूर्वी ड्रिल लावायला सॉकेट मिळेना म्हणून त्याने पाचव्या मजल्याची पेटीच उपटली होती. अख्खा हिशेब विभाग अर्धा तास एकमेकांशी गप्पा मारत बसला. त्यातली निम्मी माणसं अजून मामांचे आभार मानतात. साहेबांनी मात्र तेव्हा लेखी ताकीद दिली होती.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं – "तिसरा मजला: कोणीतरी स्विच हाताने बंद करून पुन्हा चालू केला. जबाबदार: वायरमन."

तिसऱ्यावर फोनवाल्यांचा कक्ष आहे. तिथल्या मॅनेजरबाई सकाळपासून ओरडत होत्या की कॉल तुटतायत. कॉल तिथे रोजच तुटतात. पण रोज काही भिंतीवर लिहून येत नाही कोणी तोडले ते. बाई तरातरा खाली आल्या, वाक्य वाचलं, साहेबांना बोलावलं. आणि मामा त्या वेळी होते कुठे? तिसऱ्याच मजल्यावर, शिडीवर, कपाटापासून चार हातांवर, छताला वायर ठोकत.

"मी हातसुद्धा लावला नाही," मामा म्हणाले.

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास," साहेब.

"मागच्या वेळी मी लगेच कबूल केलं होतं साहेब."

हे खरं आहे. मागच्या वेळी ते उपटलेली वायर हातात धरूनच साहेबांपुढे आले होते. पण खऱ्याला विचारतो कोण, समोर लिहिलेलं असताना. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, स्क्रीन चुकते का?"

आणि मी मान हलवली. नाही म्हणून. सगळ्यांच्या देखत. ते वाक्य मीच लिहिलेलं, इतकं स्वच्छ, इतकं सरळ – मला स्वतःलाच पटलं ते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

मामांना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. चौकशी म्हणजे काय, तर स्क्रीनचा फोटो फाइलला लावला. संपली चौकशी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

राहवेना. मामांच्या घरी गेले. तीन जिने चढून दोन खोल्या. मामा शेजाऱ्यांचा पंखा मांडीवर घेऊन बसले होते, दुरुस्त करत. रिकामं बसवत नाही म्हणाले.

त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. "ते भिंतीवरचं तुम्हीच लिहिलंत ना?"

"मशीन लिहितं ते," मी म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही माझी जुनी सवय.

"मशीनला मराठी कोणी शिकवलं मग?"

मामा मधे पडले. मला वाटलं होतं चिडतील, शिव्या घालतील. त्यापेक्षा वाईट झालं. ते पंख्याचं पातं पुसत म्हणाले, "मॅडम, मला तर आता वाटायला लागलंय की लागला असेल माझाच धक्का. शिडी सरकवताना. एवढं ठळक लिहिलंय म्हणजे काहीतरी असेलच ना?"

निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय त्यांचं. साहेबांनी सांगितलंय की सात तारखेला संचालक येऊन गेले की फाइल सहीला जाणार. ताकीद आधीचीच आहे, म्हणजे थेट काढूनच टाकणार. मग इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. बायको हे सांगताना रडली नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

जिना उतरताना स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षाच केली नाही. चालत आले.

२५ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याची स्कूटर बघायला एक गिऱ्हाईक आलं होतं. विकायची म्हणून चार वर्षं चाललंय, कोणी फिरकत नाही. हा तरुण खाली वाकला, मीटर पाहिला, डोळे मोठे केले. "चारच हजार किलोमीटर? मग जवळजवळ नवीच आहे की."

शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आमच्याकडे हरिश्चंद्र. "छे हो, मीटर एकदा पुरता फिरून आलाय. पाचच घरं आहेत त्याला. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे जागा नाही. भरला की पुन्हा शून्यापासून."

गिऱ्हाईक गेलं. नवरा ओशाळून घरात आला, मला म्हणाला, "बोल, काय बोलायचं ते."

मी तशीच उभी. भरला की पुन्हा शून्यापासून!

पेटीचं वय. सेकंदाचे शंभरावे भाग. त्या आकड्यालाही मोजकीच घरं असतात. चारशे सत्त्याण्णव दिवस झाले की घरं भरतात, आणि आकडा गुपचूप शून्यावर येतो. पेटीला काही होत नाही, वायर हलत नाही, कोणी हात लावत नाही. हे मला माहीत होतं. शिकले तेव्हा परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते! नुसते आकडे बघत असते तर मी पाहताच ओळखलं असतं. वाक्य झाल्यावर कशाला बघते. वय कमी झालं – म्हणजे बंद झाली – म्हणजे हाताने – म्हणजे मामा. चार पायऱ्या, आणि खाली दरी.

पेट्यांचं बिल मेलमधून काढून पाहिलं. तिसऱ्याची पेटी बसवून वीस तारखेला बरोब्बर चारशे सत्त्याण्णव दिवस झाले.

सासूबाईंना सांगितलं. त्यांना एका दमात कळलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं का गं हे? कोणी केलं ते लिही म्हणून मीच म्हटलं."

"तुम्ही कपाबद्दल बोलत होतात आई," मी म्हटलं. त्यांना बरं वाटलं की नाही माहीत नाही. मला नाही वाटलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगितलं. बिल दाखवलं. हिशेब मांडून दाखवला.

"हे जुने आकडे कुठे आहेत? त्या दिवशीचे?"

"तुम्हीच ठेवू नका म्हणालात."

"म्हणजे पुरावा नाही."

"तारखा जुळतायत ना साहेब."

"मॅडम, तारखा जुळवायला काय, लग्नं जमवणारेही जुळवतात." मग खुर्चीत मागे रेलून, समजावणीच्या सुरात – "बघा, तुम्ही जे सांगताय ते मला कळत नाहीये. आणि तिथे भिंतीवर जे लिहिलंय ते मला कळतंय. मी कशावर विश्वास ठेवू?"

माणसाला जे वाचता येतं ते खरं, बाकी सगळं अंधश्रद्धा.

बाहेर येऊन पहिली गोष्ट केली – आकडे पुन्हा साठवायला लागले. न विचारता.

२८ फेब्रुवारी, बुधवार

जुन्या पेट्या बदलल्या तेव्हा आधी दोनच नव्या बसवल्या होत्या. एक तिसऱ्यावर, कारण तिथे कामाचा ताण. दुसरी, अर्थातच, सातव्यावर, कारण तिथे साहेब. बाकीच्या पुष्कळ नंतर.

आज सातव्याचं वय काढून पाहिलं. उरलेला वेळ मोजला. पुन्हा मोजला. सात मार्च, सकाळी साडेअकराच्या थोडं पुढे-मागे आकडा भरणार. म्हणजे नेमके संचालक रिसेप्शनला येऊन स्क्रीन बघणार, तेव्हाच. कार्यक्रमपत्रिकेत तसंच छापलंय – "साडेअकरा: स्क्रीनचं सादरीकरण."

मी जागेवर बसल्या बसल्या इतकी हसले की रिसेप्शनची मुलगी पाणी घेऊन आली.

२ मार्च, शनिवार

गप्प बसायचं ठरवलं होतं. पण मामांची फाइल सात तारखेनंतर जाणार. आधीच पटलं साहेबांना तर मामा आधीच सुटतील, असा विचार केला आणि सांगितलं. साहेब, माझं म्हणणं खरं की खोटं ते गुरुवारी कळेलच – कारण तिसऱ्याचं झालं तेच सातव्याचं होणार, आणि खाली येणार "जबाबदार: विभागप्रमुख".

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते आज पाहिलं. सोमवारी ज्या माणसाला काही कळत नव्हतं त्याला आज शब्दन् शब्द कळत होता. स्कूटरचं उदाहरण तर दोनदा सांगायला लावलं. काय काय विचारलं! नक्की किती वाजता? अर्धा तास इकडे-तिकडे होईल का? आकडा शून्यावर येतो म्हणजे नक्की काय होतं? आणि एरवी कधी येतो? मी म्हटलं, पेटी बंद-चालू केली की येतोच, पहिल्यापासून मोजायला लागतो. त्यांनी मान डोलावली. विद्यार्थी चांगला आहे, उशिरा शाळेत आला एवढंच.

"मग हे वाक्य दुरुस्त करा. गुरुवारच्या आत."

"करते. म्हणजे मामांचंही –"

"तो विषय वेगळा आहे."

"एकच विषय आहे साहेब."

"मॅडम, त्याच्याबद्दल वर कळवलंय मी. आता स्क्रीन चुकली म्हटलं तर संचालकांना काय दाखवू? सातव्यापुरतं दुरुस्त करा."

सातव्यापुरतं! आपला तो बाब्या.

४ मार्च, सोमवार

दुरुस्ती एका ओळीची आहे. वय कमी झालं तर आधी बघायचं, आकडा भरत आला होता का. भरत आला असेल तर गप्प बसायचं. लिहून ठेवलीये. चालू केलेली नाही.

चालू केली तर गुरुवारी काही होणार नाही. स्क्रीन निमूट राहील, संचालक टाळ्या वाजवतील, आणि शुक्रवारी मामांची फाइल सहीला जाईल. नाही केली तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होईल, आणि मग मामांवरचं तेवढं खरं असं कोण म्हणणार?

नवरा म्हणाला, "नोकरी तुझीही आहे हं." मग थोड्या वेळाने, "पण तू काय करणार ते मला माहीत आहे. नुसतं म्हणून ठेवलं."

भीती वाटते. उगाच कशाला खोटं लिहा इथे. फार भीती वाटते.

६ मार्च, बुधवार

साहेबांनी विचारलं, "झाली दुरुस्ती?"

"झाली."

"नक्की?"

"नक्की."

माझ्याकडे बघत राहिले. मी पण बघत राहिले. खोटं बोलताना मी डोळ्याला डोळा भिडवते, खरं बोलताना इकडेतिकडे बघते. इतक्या वर्षांत त्यांना हे कळलं असलं तर माझं काही खरं नाही.

७ मार्च, गुरुवार

क्रमाने लिहिते.

दहा वाजल्यापासून रिसेप्शनला उभी होते. साडेअकराला अवकाश होता, पण जागेवर बसवेना. साहेब लिफ्टमधून उतरले, नवा कोट, घाम पुसत, फुलं घेऊन दाराशी. संचालक येणार होते साडेदहाला. त्यांच्या गाड्या आल्या लवकर. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी, गाडीचं दार उघडत असताना, माझ्या डोक्यावर भिंतीवर लाल अक्षरं –

"सातवा मजला: कोणीतरी स्विच हाताने बंद करून पुन्हा चालू केला. जबाबदार: विभागप्रमुख."

मी घड्याळ पाहिलं. आत्ताच कसं?

संचालकांमध्ये एक वयस्कर बाई होत्या, त्याच सगळ्यांत मोठ्या. फुलं घेतली, आत आल्या, आणि थेट स्क्रीनपुढे उभ्या राहून मोठ्याने वाचलं. सोपं मराठी आहे, कोणालाही कळतं. "विभागप्रमुख म्हणजे कोण?"

वॉचमनने बोट दाखवलं. मनापासून, मदत म्हणून.

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, आला, पुन्हा गेला. मग बोलायला लागले, आणि काय बोलले! "बाई, यात एक तांत्रिक बाब आहे. आपण स्कूटरचं उदाहरण घेऊ." माझी स्कूटर! घरं भरली की शून्य, कोणी हात लावत नाही, पेटीला काही होत नाही, वाक्य तेवढं चुकीचं येतं. इतकं सुरेख तर मलाही सांगता आलं नव्हतं. "आमच्या मॅडमनी हे आधीच शोधून काढलंय," असंही म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आज घरी जाईन की नाही याची शंका वाटली.

बाई म्हणाल्या, "म्हणजे स्क्रीन चुकते."

"कधी कधी," साहेब.

तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या मॅनेजरबाई – ज्यांच्या ओरडण्याने हे सगळं सुरू झालं – मागून म्हणाल्या, "मग मामांचं पण तसंच झालं की काय?" कुजबूज झाली. मोठ्या बाईंनी विचारलं, मामा कोण? मी सांगितलं. सगळं सांगितलं, बिलाच्या तारखेसकट. मान हलवली होती तेही सांगितलं.

"आणि त्या माणसाला घरी बसवलंय?" बाई साहेबांकडे वळून म्हणाल्या.

साहेब काय म्हणणार? स्वतःपुरती स्क्रीन चुकली आणि मामांपुरती बरोबर, हे ते आज म्हणू शकत नव्हते. "गैरसमज झाला होता," म्हणाले. "सोमवारपासून येतायत ते."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, आता जेव आधी. जेवले. एकच गोष्ट मनातून जात नाहीये. माझा हिशेब दीड तासाने कसा चुकला? मी तीनदा केला होता.

८ मार्च, शुक्रवार

मामांचा फोन. "मॅडम, म्हणजे नव्हताच लागला माझा धक्का?"

"नव्हता मामा. कोणाचाच नव्हता लागला."

मग म्हणाले, "बघा ना, मी तर बायकोला कबूलसुद्धा करून टाकलं होतं." मागून बायकोचा आवाज – "त्यांना विचारा, भिंतीवर माफी कधी येणार." पंखा दुरुस्त झाला का विचारलं, तर म्हणाले, बघतो.

९ मार्च, शनिवार

साहेबांनी अहवाल पाठवला, माझी सही हवी होती: सातव्याचा आकडा भरल्याने वाक्य चुकीचं आलं, तिसऱ्याचंही तसंच. सही करायच्या आधी, आपला हिशेब कुठे चुकला ते बघावं म्हणून साठवलेले आकडे काढले.

हिशेब चुकला नव्हता. सातव्याचा आकडा भरलाच नव्हता. दीड तास बाकी होता आणि एकदम शून्य. म्हणजे पेटी खरोखर बंद करून चालू केली. हाताने. साहेबांच्या केबिनमध्ये, कुलूपबंद कपाटात. "बंद-चालू केलं की येतोच शून्यावर," हे त्यांना मीच सांगितलं होतं. साडेअकराचं संकट पाहुणे यायच्या आधीच उरकून टाकायला गेले, आणि पाहुणेच लवकर आले.

सबंध महिन्यात स्क्रीनने हे एकच आरोपाचं वाक्य खरं सांगितलं, आणि ते खोटं ठरलं म्हणून मामा परवा कामावर येणार. अहवालावर सही केली. मग सातव्याचे आकडे पुसून टाकले.